तुझं वाक्य राहिलंय

९ मार्च २००९, सोमवार

लॅडी,

नुसतं नाव लिहिलंय. त्याआधी 'प्रिय' लिहावं का नाही, या विचारात कॉफी थंड झाली. शेवटी म्हटलं, नाव तरी लिहू. तुझं नाव पुकारायची मला सवय आहे.

पत्ता मार्लीसनं गेल्या डिसेंबरातच देऊन ठेवला होता. तिच्यावर चिडू नकोस. तुझी लेक दर नाताळला मला कार्ड पाठवते, हे तुला ठाऊक नसेल. आता झालं ठाऊक. 'मायलोकाका' असं लिहिते. तेवढा एक शब्द मला जानेवारी संपेपर्यंत पुरतो.

पत्राला कारण असं की, सभागृहात पुन्हा आयकर वाढवायचं विधेयक आलंय. माझ्या खोलीच्या खिडकीतून घुमट दिसतो. सध्या पायऱ्यांवर रोज माणसं पाट्या घेऊन उभी असतात, अर्धी वाढवा म्हणणारी, अर्धी मेलो तरी वाढवू देणार नाही म्हणणारी. दुपारी बारा वाजले की दोन्हीकडची मंडळी कोपऱ्यावरच्या एकाच खानावळीत सूप प्यायला येतात आणि एकमेकांना मिठाची बाटली सरकवतात. मी एकटाच एका टेबलाशी असतो, म्हणून माझ्या समोरची खुर्ची नेहमी कुणीतरी मागून नेतं.

तर, एका वर्तमानपत्रवाल्या बाईंचा फोन आला.

"वोंद्रासाहेब, एकोणसत्तर साली सभागृहात नावं पुकारणारे कारकून तुम्हीच ना?"

"मीच."

"आणि ज्यांच्या एका मतावर तेव्हा कर वाढला, ते वोंद्रा तुमचे...?"

"थोरला भाऊ."

"बाप रे! मग त्या रात्री जेवणाच्या टेबलावर काय बोलणं झालं असेल?"

"खसखशीचे गोड कोलाचे पाव छान झालेत, एवढंच," मी म्हटलं. बाई हसल्या. त्यानंतर आपण एका टेबलाशी बसलोच नाही, हे मी सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "एक वेडगळ प्रश्न विचारू का? होकाराचं 'aye' आणि 'मी' म्हणताना म्हणतो ते 'I', लिहिताना वेगळी, पण कानाला एकच 'आय', नाही का? मतांचा विजेचा फळा त्या दिवशी बंद होता म्हणे. तुमच्या भावाला 'मी अमुकतमुक' असं काही बोलायचं असेल, आणि तुम्ही पहिल्याच शब्दाला होकार समजला असाल तर?"

चाळीस वर्षं जे उत्तर देत आलो तेच दिलं. ऐकलं तेच लिहिलं.

आणि तुलाही तेच सांगतो. एक्कावन्न मतं हवी होती, पन्नास झाली होती, आणि तुझ्यानंतर उरलेले तिघं पक्के विरोधातले. तू उठलास, 'आय' म्हणालास. शिवाय लॅडी, हातोडा पडायच्या आधी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, "कुणाला मत बदलायचंय?" चांगलं मोठ्यानं विचारलं होतं. का नाही उठलास? सगळा दोष माझ्या कानांवर टाकून तू निघून गेलास. तुझी जीभ तेव्हा कुठे होती?

हे वाचून बघितलं. फार कडू झालंय. पण पुन्हा लिहायला बसलो तर पाठवणार नाही, म्हणून तसंच पाठवतो.

मायलो


२३ मार्च

लॅडी,

मार्लीसचं पत्र आलं. माझं पत्र तिनंच तुला वाचून दाखवलं म्हणे. तुला फेब्रुवारीत झटका आला, उजवा हात गेला, शब्द फुटत नाहीत, सगळं समजतं पण तोंडाशी येऊन अडतं, हे मला माहीत नव्हतं. लॅडी, खरंच नव्हतं. आणि मी तुला विचारत होतो, तुझी जीभ कुठे होती.

ती लिहिते, "पत्र ऐकताना बाबा भिंतीकडे बघत होते. 'पुन्हा वाचू का?' म्हटलं तर मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, म्हणून वाचलं पुन्हा."

ती अगदी माझ्यावर गेलीय.

दोन दिवस काही सुचलं नाही. नदीकाठी गेलो. बर्फ फुटून चाललाय, वरून बदकांच्या रांगा उत्तरेला जाताहेत, आणि मला सारखी आपली शाळा आठवतेय. एकच खोली, आठही इयत्ता, मधोमध शेगडी. मिस थॉर्सबी. त्यांच्या अंगाला खडूचा आणि पेपरमिंटचा वास यायचा. शुक्रवारी दुपारी आपण पोरांनी कविता म्हणायच्या. मी आठ वर्षांचा, तू अकराचा, आणि त्या जुन्या वाचनपुस्तकातली ती कविता—

मी उभा पुलावर एकला, खाली पाणी वाहे,
पुसे मला ते जाता जाता, कोण मागे राहे?

तुला सगळी यायची. गोठ्यात गाईंना म्हणून दाखवायचास, एकदाही न अडखळता. पण शाळेत उभा राहिलास की पहिल्या शब्दालाच चाक चिखलात रुतायचं. "मी..." आणि पुढे काही नाही. कान लाल. वर्ग खुदखुदायचा. मिस थॉर्सबी मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. त्या कधीच घाई करायच्या नाहीत. मलाच ते सहन व्हायचं नाही. मी मागच्या बाकावरून हळूच म्हणायचो, "उभा पुलावर." आणि तू सुटायचास.

एकदा त्यांनी मला थांबवून घेतलं. "मायलो, तू त्याला मदत करत नाहीस. त्याचा शब्द हिसकावून घेतोस."

मला फार राग आला होता. वाटलं, या बाईंना दया म्हणून नाही.

पुढे सगळीकडे तेच झालं. दुकानात दोरी मागताना, पाद्रीबाबांसमोर, अगदी तू आयरीनला मागणी घातलीस तेव्हासुद्धा मी पोर्चच्या पायरीवर होतो आणि वाक्याचं शेपूट मीच जोडलं. ती म्हणाली होती, "लग्न नक्की कुणाशी करायचंय मला?" आपण तिघं किती हसलो. आयरीन गेली तेव्हा मी यायला हवं होतं.

आज एवढंच.

मायलो

ता. क. मार्लीस, हे वाचून दाखवताना घाई करू नकोस, बाळा.


१६ एप्रिल, गुरुवार

लॅडी,

आज मतदान झालं. मी प्रेक्षकांच्या सज्जात होतो.

माणसं तीच, फक्त चेहरे वेगळे. पण आवाज नाही रे. अध्यक्ष म्हणतात, "मतदान सुरू," सगळे आपापल्या मेजावरचं बटण दाबतात, आणि फळ्यावर हिरवे-तांबडे दिवे लागतात. शंभर माणसांचं मन एका शिंकेएवढ्या वेळात समजतं. मी तिथे सव्वीस वर्षं नावं पुकारली. ॲल्टन, बेकमन, ब्रॉडी, कॅरव्हर... अजून येतं सगळं. आंघोळ करताना म्हणतो, बस थांब्यावर म्हणतो. एकोणसत्तरच्या शंभरांपैकी आता फक्त चार उरलेत. नावांनाही एक चाल असते. 'उलरिक' म्हटलं की पुढे 'वोंद्रा' यावंच लागतं, आणि तिथे मी दर वेळी पुन्हा ॲल्टनपासून सुरू करतो.

आज एका नावापुढे दिवा लागेना. पलीकडच्या जिल्ह्यातल्या एक बाई, पन्नाशीच्या. डोकं खाली, हात मांडीवर. मतं अशी की त्यांच्या दिव्यावरच विधेयक तरणार किंवा बुडणार. मागून कुणी ओरडलं, "दाबा की एकदाचं!" दुसरा म्हणाला, "बोट अडकलं वाटतं!" सगळे हसले. शेजारचा सभासद त्यांच्या मेजावर वाकून काहीतरी कुजबुजायला लागला, तेव्हा अध्यक्षांनी हातोडा आपटला.

"त्यांना त्यांचा वेळ घेऊ द्या."

आणि लॅडी, सगळं सभागृह थांबलं. मग त्यांचा दिवा लागला. तांबडा. विधेयक पडलं.

मला ते मंजूर व्हायला हवं होतं. तरी मी रडलो. माझ्या शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला आणि म्हणाल्या, "काका, पुढच्या वर्षी आणतील पुन्हा." मी कशासाठी रडतोय, हे त्यांना काय सांगणार? ते मत त्या बाईंचं होतं. चूक असेल, भित्रं असेल, पण ते त्यांचं त्यांनी दिलं होतं.

आता लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मला शिकवणारे म्हातारे कारकून म्हणायचे, "नाव पुकारायचं आणि मनातल्या मनात पाच अंक म्हणायचे. माणूस बोलतो तेवढ्यात. पाचांच्या आत कान उघडे आणि लेखणी वर." मी हा नियम कधी मोडला नाही. एकदा मोडला.

त्याआधीच्या रविवारी आपण लिबीला भेटायला गेलो होतो. धाकटी बहीण, तीस वर्षांची, आणि त्या सरकारी मनोरुग्णालयात नव्वद खाटांच्या एका दालनात, खिडक्या रंगवून बंद केलेल्या. तिनं तुझा कोट धरला होता, बटण तुटेपर्यंत. करवाढ झाली की ते दालन बंद करून छोटी घरं बांधणार, हे आपल्याला माहीत होतं. गाडीत तू फक्त म्हणालास, "मी चर्चच्या तळघरात जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर शब्द दिलाय, मायलो. कर वाढू देणार नाही म्हणून. त्या शब्दावर निवडून आलोय." मी म्हटलं, "आणि लिबी?" तू म्हणालास, "मी विचार करतोय. मला करू दे."

गुरुवारी वादळानं फळ्याची वीज गेली. मी तुझं नाव पुकारलं, आणि तू खुर्चीतून अर्धाही उठला नव्हतास तेव्हा माझ्या लेखणीनं होकाराच्या रकान्यात रेघ ओढली होती.

ऐकलं तेच लिहिलं, हे खोटं आहे. मी आधी लिहिलं आणि मग ऐकलं. तू उभा राहिलास, कान लाल, "आय..." म्हणालास आणि अडलास. शाळेतल्यासारखा. मी पाच म्हटले नाहीत. दोनही म्हटले नाहीत. मोठ्यानं पुकारलं, "वोंद्रा, होकार." मागच्या बाकावरून पुढचा शब्द सांगितला, दुसरं काय?

मग अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला मत बदलायचंय?" तू माझ्याकडे बघितलंस. मी कागदाकडे बघितलं.

तू का उठला नाहीस, याचं मी चाळीस वर्षं हत्यार केलं. पण आज सज्जात बसून समजलं. तू उठून "मी तसं म्हणालोच नाही" म्हणाला असतास तर शंभर माणसांसमोर तुझा भाऊ खोटारडा ठरला असता. त्याच दुपारी माझी खुर्ची गेली असती. तू बसून राहिलास. हातोडा पडला, आणि माझी नोकरी राहिली.

बाहेरच्या जिन्यावर तू विचारलंस, "मी काय म्हणालो?"

"आय म्हणालास."

"मायलो, मी अजून बोलायचा होतो."

एवढंच. पुढचं मला लोकांकडून कळलं. केशकर्तनालयात न्हावी म्हणायचा, "या, आय वोंद्रा! केसच कापायचेत ना? नीट विचार करून बोला हं, 'आय' म्हणालात की कानासकट कापीन." पोरं तुझ्या गाडीमागे 'आय आय' करत धावायची. निवडणुकीत पडलास. अवजारांच्या दुकानात लोक येईनासे झाले. दुकान विकून तू पश्चिमेकडे गेलास, जिथे वोंद्रा हे नुसतं एक आडनाव होतं.

लिबीला नवं घर मिळालं. सहा जणी एका घरात, तिची खाट खिडकीशी. अकरा वर्षं जगली तिथे. तिच्या दफनाच्या वेळी आपण खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो, आणि निघताना तू माझ्या अंगावरून जाताजाता म्हणालास, "खिडकी चांगली होती तिची."

चाळीस वर्षांत तू माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य. मी ते माफीसारखं जपलं. ती माफी नव्हती, मला माहीत आहे. तू फक्त खिडकीबद्दल बोललास.

लिबीला खिडकी मिळाली याचं मला आजही वाईट वाटत नाही, हेही लिहून ठेवतो. कदाचित तूही होकारच दिला असतास. पण मग तो तुझा असता. पंगतीतल्या लोकांसमोर जाऊन तू म्हणाला असतास, 'माझी बहीण आहे, मी शब्द मोडला.' तुला ते म्हणता आलं असतं. शिव्या तुला तेवढ्याच पडल्या असत्या, पण त्या तुझ्या स्वतःच्या कृत्यासाठी.

तुझं वाक्य काय होतं, लॅडी? मी रोज त्याला नवा शेवट लावतो. एकही बरोबर वाटत नाही.

मी तिकडे येऊ का? तुला वाटलं तरच. मार्लीसला फोन करतो, ती तुला विचारेल.

मायलो


३ मे, रविवार

लॅडी,

दुपारी आपण फोनवर होतो, तरी लिहितोय. कारण फोनवर जे झालं ते माझ्या बाजूनं कसं झालं, हे तुला कळायला हवं.

मार्लीस म्हणाली, "काका, रिसीव्हर बाबांच्या कानाशी धरलाय. विचारा."

मी काय काय पाठ केलं होतं! सगळं विसरलो. नुसतं म्हटलं, "वोंद्रा." पुकारायचो तसंच. आणि मग, "लॅडी, मी येऊ का?"

तुझा श्वास ऐकू आला. तुमच्याकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. आणि मग तू म्हणालास,

"आय..."

तोच आवाज. म्हातारा झालेला, एका बाजूनं कललेला, पण तोच. चाळीस वर्षांनी तोच शब्द त्याच जागी येऊन अडला.

"हो म्हणाले!" मार्लीस आनंदानं ओरडली. "काका, ऐकलंत? 'आय' म्हणाले! या तुम्ही!"

लॅडी, शपथेवर सांगतो, मलाही तेच ऐकायचं होतं. माझ्या तोंडात 'होकार' हा शब्द तयार होता.

मी म्हटलं, "थांब, मार्लीस. त्याचं अजून व्हायचंय."

"पण काका, त्यांना त्रास होतोय."

"होऊ दे. थांब."

मी पाच म्हटले. मग पुन्हा पाच. मिस थॉर्सबींसारखा हात मांडीवर ठेवून बसलो. बाहेर घुमटावर ऊन होतं, ते सरकून कबुतरांच्या वळचणीला गेलं. तू पुन्हा एकदा "आय" म्हणालास. मग काहीतरी घोगरं, अर्धवट. मग दमलास. मार्लीसनं फोन घेतला. ती रडत होती. म्हणाली, "मला वाटलं मला कळलं, काका. पण नाही कळलं. त्यांना काहीतरी सांगायचंय."

"मलाही तसंच वाटतं," मी म्हटलं.

"मग मी काय समजू? येताय की नाही?"

मी येतोय. मंगळवारच्या बसचं तिकीट काढलंय. नऊ तास लागतात. तुझं ते 'हो' होतं असं समजून येत नाहीये, एवढं लक्षात ठेव. 'मी तुझं तोंड बघणार नाही' असंही ते वाक्य असू शकतं. तसं असेल तर ते समोरासमोर, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकेन, आणि संध्याकाळच्या बसनं परत फिरेन. खोलीची किल्ली शेजारणीकडे दोनच दिवसांसाठी दिलीय. ती म्हणाली, "एकदाचं कुणीतरी भेटलं वाटतं तुम्हाला!" मी म्हटलं, "विचारायला चाललोय."

तुझ्या डाव्या बाजूला खुर्ची टाकायला सांग. उजवीकडचं तुला दिसत नाही असं मार्लीस म्हणाली. दिवसभर लागला तरी चालेल, आठवडा लागला तरी चालेल. तू अडलास तर मी खिडकीबाहेर बघेन. पुढचा शब्द मला येत असला तरी सांगणार नाही.

नाव पुकारून झालंय, लॅडी. लेखणी वर आहे.

मायलो